जेवल्याचा पुरावा

एखादा माणूस जेवला आहे हे त्याच माणसाला सिद्ध करून दाखवणं किती अवघड असतं, याची कल्पना ज्याने ते करून पाहिलेलं नाही त्याला यायची नाही. चोरी सिद्ध करता येते. बोटांचे ठसे असतात, साक्षीदार असतात, मुद्देमाल सापडतो. जेवणाचा मुद्देमाल ज्याच्या पोटात असतो तोच फिर्यादी असतो, आणि तो पोटावर हात ठेवून म्हणतो, "इथे काही नाही."

आमचे अण्णा 82 वर्षांचे आहेत. त्यांची सगळी नोकरी लोकल फंड ऑडिटमध्ये गेली. नगरपालिका, पंचायत समित्या, ग्रामपंचायती यांची दप्तरं त्यांनी इतकी उलटीपालटी केली की सांगली-सातारा पट्ट्यातले जुने ग्रामसेवक अजूनही त्यांचं नाव निघालं की खुर्चीत सरळ होतात. पावती नसलेल्या कपबश्यांच्या खर्चावरून एका नगरपालिकेला त्यांनी दोन वर्षं झुलवलं होतं. ती हकिगत ते आजही सांगतात, आणि त्यात ठरावाचा क्रमांक, मुख्याधिकाऱ्याचं आडनाव, कपबश्यांची संख्या, काही म्हणता काही चुकत नाही. विसरतं ते एवढंच, की आपण आत्ताच जेवून उठलो.

"सुरुवातीची अवस्था आहे," डॉक्टर म्हणाले. "जुनं पक्कं राहतं, नवं टिकत नाही. दिनक्रम ठरलेला ठेवा. जेवणाची वेळ तीच, जागा तीच, ताट तेच, माणसं तीच."

"आत्तापर्यंत मग काय वेगळं चाललं होतं?" आई म्हणाली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात साडेबाराला पान वाढलं जातं. पोस्टमन आमच्या शिट्टीवर घड्याळ लावायचा, कुकरच्या.

तर आमचा दिनक्रम असा. एकच्या सुमाराला जेवणं आटोपतात. अण्णा चूळ भरतात, बडीशेप तोंडात टाकतात, आरामखुर्चीत बसून पेपर उघडतात. थोडा वेळ शांतता असते. मग पेपरच्या पलीकडून आवाज येतो, "अगं, आज जेवणाचं काही आहे की नाही?"

सुरुवातीला मी बाणेदारपणे पुढे व्हायचो.

"अण्णा, आत्ताच जेवलात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. तुमच्या शेजारीच बसलो होतो."

"बरं. भाजी कसली होती?"

इथे माझी पंचाईत व्हायची. भाजी होती, हिरवी होती, एवढं छातीठोक सांगता आलं असतं. पण दोडका, घेवडा की पडवळ? जेवताना माझा उजवा हात ताटात आणि डावा मोबाइलवर असतो, आणि क्रिकेटचा स्कोअर मला तोंडपाठ असतो.

"बघ," अण्णा आईकडे वळून म्हणायचे, "साक्षीदार फुटला."

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, हे मला नंतर कळलं. ज्या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या अलोइस अल्झायमरने 1901 च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाच्या 51 वर्षांच्या बाईला तपासलं. बाई जेवत होत्या. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. डॉक्टरांनी विचारलं, काय खाताय? बाई म्हणाल्या, पालक. डॉक्टरांनी तसं लिहून ठेवलं. ती फाइल मध्ये हरवली होती ती 1995 मध्ये सापडली, म्हणजे आठवणींवरच्या आजाराचं मूळ दप्तर जवळजवळ शतकभर कुठे ठेवलंय हे कुणालाच आठवत नव्हतं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दप्तर गहाळ. जबाबदारी निश्चित केली का?"

पण मी म्हणतो, हाच निकष आपल्याकडे लावला तर काय होईल? रात्री साडेआठला कुठल्याही मराठी घरात शिरावं आणि ताटावर बसलेल्या कर्त्या पुरुषाला विचारावं, "काय खाताय?" तो आधी टीव्हीकडे बघेल, मग बायकोकडे, आणि मग म्हणेल, "आपलं हेच, नेहमीचं." अल्झायमर साहेबांना सांगलीत एका गल्लीतच आयुष्यभराचं काम मिळालं असतं.

तोंडी साक्षीवर भागत नाही म्हटल्यावर मी वही घातली. चांगली लांबोडकी, हिशेबाची, लाल पुठ्ठ्याची. रकाने आखले: दिनांक, वेळ, पदार्थ, सही. पहिल्या दिवशी जेवण झाल्याबरोबर नोंद केली. "दु. 12.40. पोळ्या 2, भाजी, वरणभात, ताक." अण्णांची सही घेतली. पाऊण तासाने प्रश्न आल्यावर मी विजयी मुद्रेने वही पुढे केली.

अण्णांनी चष्मा पुसला. खिशातून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात लाल पेन असतं आणि ते चालतं. माझ्या खिशातलं निळं कधीच चालत नाही.

"भाजी," त्यांनी वाचलं. "कसली? मोघम नोंद. भाजी वाटीभर की चमचाभर? परिमाण नाही. वरणभातावर तूप वाढलं का? वाढलं असेल तर नोंद का नाही? वाढलं नसेल तर का नाही?"

"अण्णा, खाली तुमची सही आहे."

त्यांनी वही उजेडात धरली. "सही माझ्यासारखी आहे. पण वाचल्याशिवाय मी सही करत नाही, आणि हे मी वाचलेलं नाही." समासात त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "खुलासा करावा."

मी खुलासा केला. भाजी दोडक्याची (आईला विचारून), एक वाटी, तूप एक चमचा. त्यावर शेरा आला: "तुपाचे चमचे दोन प्रकारचे आहेत. कोणता?" मी लहान चमचा दाखवला. शेरा: "अनुपालन समाधानकारक नाही. आक्षेप कायम."

एवढं होईस्तोवर सव्वातीन वाजले होते. चहा झाला. चहाबरोबर भडंग आलं. जेवणाचा विषय मागे पडला. वहीने काहीही सिद्ध केलं नाही, पण दुपार निघून गेली. तेव्हापासून वही चालू आहे. मी मुद्दाम मोघम नोंदी करतो. "भाजी" एवढंच लिहितो. कधी बेरीज चुकवून ठेवतो. आई एकदा आतून म्हणाली, "नोकरीत होते तेव्हा घराचं दप्तर कधी उघडून पाहिलं नाही. आता तुपाचे चमचे मोजतायत."

माझ्या लेकीने पुण्याहून सल्ला दिला, "बाबा, फोटो काढा ना!" मग ताटाचे फोटो सुरू झाले. ते कौटुंबिक ग्रुपवर जाऊ लागले, आणि ग्रुपवर जी नातेवाईक मंडळी एरवी फक्त सुप्रभात म्हणायची ती कामाला लागली. "कोशिंबीर दिसत नाही." "पोळ्या जरा जाड आहेत का?" "या वयात दोडका नको, वात होतो." अण्णांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, "हे माझंच ताट कशावरून? यात मी कुठाय?" दुसऱ्या दिवशी अण्णांसकट फोटो काढला. "हा कालचा," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी अण्णा, ताट आणि त्या दिवसाचा पेपर असा फोटो काढावा असं माझ्या मनात आलं. पण ओलीस ठेवलेल्या माणसांचे फोटो तसे काढतात हे आठवून मी तो नाद सोडला.

ओलीस म्हणायचं कारण, अण्णांनी एव्हाना बाहेर तक्रार नोंदवायला सुरुवात केली होती. कोल्हापूरच्या आत्याचा रोज दुपारी दीडला फोन येतो. "जेवलास का रे?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि त्यावर अण्णांचं उत्तर आम्ही सगळे शेजारी उभे राहून ऐकत असायचो: "छे! सकाळपासून पोटात कण नाही. यांच्याकडे कुठे वेळ आहे?" आत्या मग फोन हिच्याकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, द्यायला सांगायची आणि अर्धा तास जराही आवाज न चढवता बोलायची. एकदा अण्णा गॅलरीत उभे राहून शेजारच्या काकूंशी बोलत होते. संध्याकाळी काकू दोन थालिपिठं आणि लोण्याचा गोळा घेऊन आल्या. अण्णांच्या हातात ताटली देताना त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी याआधी फक्त मालिकांतल्या सुनांकडे बघताना पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून उपमा आला. मग समोरून पुरणपोळी. अण्णांची उपाशीपोटीची साखर डॉक्टरांनी पाहिली आणि विचारलं, "दिवाळी लवकर केलीत का?"

नातेवाइकांनी डबे पाठवले नाहीत, पण औषधं सुचवली. ब्राह्मी, शंखपुष्पी, अक्रोड, खोबरेल तेल, आणि सगळ्यांचं एकमत असलेले भिजवलेले बदाम. आम्ही रोज रात्री बदाम भिजवायचे ठरवलं. भिजवतही होतो. सकाळी ते सोलायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही. शेवटी वाटीतून वास यायला लागला तेव्हा अण्णाच म्हणाले, "ओट्यावर बदाम नासलेत. किती दिवसांचे आहेत?" ते आम्हा कुणालाच सांगता आलं नाही.

ताटाचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये एक गोष्ट दाखवली. बऱ्याच पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटं आणि पेले दिले, तर त्यांचं जेवण सुमारे 25 टक्क्यांनी आणि पिणं सुमारे 84 टक्क्यांनी वाढलं. कारण साधं आहे. पांढऱ्या ताटात पांढरा पदार्थ दिसत नाही, रंगांतला फरक नजरेला जाणवत नाही. आमच्याकडे तर स्टीलची ताटं, वरून ट्यूबलाइट. ताटात भात किती आणि दिवा किती हे मलाही कळत नाही. लेकीने लाल ताट पाठवलं.

"हे काय?" आई म्हणाली. "हळदीकुंकवाला लुटायचंय का?"

योगायोगाने त्या दिवशी बिटाची कोशिंबीर आणि टोमॅटोचं सार होतं. ताट वाढून पुढे ठेवलं आणि कोशिंबीर अदृश्य झाली. अण्णांनी बोटाने चाचपून पाहिलं. "डाव्या बाजूला काहीतरी ओलं आहे," त्यांनी जाहीर केलं.

मग निळं ताट आलं. ते पाहून अण्णा म्हणाले, "पिंपाचं झाकण इथे कुणी आणलं?" आणि उठून खरोखरच मोरीतल्या पिंपावर ठेवून आले. नेमकं बसलं.

यावर तोडगा गणपतीत निघाला. केळीची पानं मांडली होती. हिरवंगार पान, त्यावर पांढरी भाताची मूद, वर पिवळं वरण, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वर मधोमध मीठ. अण्णा बसले आणि कुणी काही न सांगता पान स्वच्छ करून उठले. मध्ये एकदाच थांबले. "लिंबू उजवीकडे वाढलंय. लिंबाची जागा डावीकडे." ही लिंबू हलवायला वाकली आणि माझ्याकडे बघून हसली. बोस्टनहून जे ताट शोधायला निघालो होतो ते आमच्या परसात लोंबत होतं. रंगही वेगळा, आणि प्रत्येक पदार्थाची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. डोळे मिटून हात घातला तरी चटणीच्या जागी चटणी.

अर्थात रोज पान कुठून आणायचं? परसातल्या केळीचा आता नुसता खांब उरला आहे. शेजाऱ्यांच्या केळीने आमच्याकडे पाठ फिरवली आहे, म्हणजे तिला कुंपण आलं आहे. सध्या मेलामाइनची हिरवी, पानाच्या आकाराची थाळी चालू आहे. "यावर नैवेद्य दाखवलात तर देव उठून जाईल," असं अण्णा रोज म्हणतात आणि रोज जेवतात.

गोळ्यांचा पेच वेगळाच. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या अनशापोटी, साखरेची जेवणाबरोबर, आणखी एक जेवणानंतर. आता जो माणूस आपण जेवलोच नाही असं मानतो, त्याला जेवणानंतरची गोळी कशी देणार?

"अण्णा, गोळी."

"वर काय लिहिलंय?"

"जेवणानंतर."

"मग जेवण होऊ दे."

यावर जगात कुठल्याही वकिलाकडे उत्तर नाही. वारांचे खण असलेला गोळ्यांचा डबा आणला, तर त्यावर इंग्रजी आद्याक्षरं. "दोन खणांवर टी आहे, दोन खणांवर एस," अण्णांनी लगेच दाखवून दिलं, "दुबार नोंद." त्यांचं बरोबर होतं; मीच एकदा मंगळवारी गुरुवारचा खण उघडला होता. साखरेची गोळी दोनदा गेली तर थट्टा अंगाशी यायची, म्हणून तो डबा आता कपाटात कुलपात असतो. कुलपाची किल्ली सुरक्षित जागी ठेवलेली असते आणि ती जागा रोज सकाळी चौघं मिळून शोधतो.

एक गोष्ट मात्र सुधारली. "आज भाजी काय करू?" हा प्रश्न आईने अण्णांना लग्नानंतर रोज विचारला आणि त्यावर रोज "काहीही कर" हे उत्तर मिळालं. त्या "काहीही"वरून झालेली भांडणं आम्हा भावंडांना पाठ आहेत. डॉक्टर म्हणाले, निवड सोपी ठेवा, दोनच पर्याय द्या. आईने विचारलं, "वांगं करू की दुधी?" आणि संसारात पहिल्यांदा अण्णांनी स्पष्ट उत्तर दिलं: "वांगं. भरलेलं." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "गवार की वांगं?" "वांगं. भरलेलं." तिसऱ्या दिवशी तिने हुशारीने विचारलं, "गवार की दुधी?" अण्णा विचारात पडले आणि म्हणाले, "वांगी संपली का?" कृष्णाकाठची वांगी चांगलीच असतात, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या भाजीवालीने आता मला पाहिलं की न विचारता तराजूत वांगी टाकायला सुरुवात केली आहे.

त्यात आणखी एक भानगड म्हणजे चव. या आजारात वास कळणं लवकर कमी होतं, आणि वास गेला की अर्धी चव जाते. आईच्या हातच्या आमटीला अण्णा "पाणचट" म्हणाले तेव्हा घरात जो सन्नाटा पसरला तो आणीबाणीतही नव्हता. मीठ वाढवायचं तर रक्तदाब आडवा. आईने गोडा मसाला, हिंग, कोथिंबीर, लिंबू यांच्या जोरावर आमटी परत उभी केली. मात्र गोडाची ओढ वाढते म्हणतात ते खरं. आईने बेसनाच्या लाडवांचा डबा लपवला. इतका छान लपवला की तो तिलाच सापडेना. आठ-पंधरा दिवस आम्ही माळे, धान्याचे डबे, देव्हाऱ्याखालचा कप्पा सगळं पालथं घातलं. अण्णा शांतपणे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "शिवणाच्या मशीनच्या पेटीत पाहिलंत का?" डबा तिथेच होता. लाडू निम्मे होते.

तरी "जेवण आहे की नाही" हा मूळ प्रश्न उरलाच होता. तो हिने सोडवला. ही बँकेत कॅशियर होती. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाशी तत्त्वाचा वाद घालून उपयोग नसतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. एके दिवशी अण्णांनी विचारलं आणि मी पुरावे गोळा करायला उठलो, तोच ती आतून म्हणाली, "हो अण्णा, वाढतेच. पाच मिनिटं बसा." पाच मिनिटांनी तिने वाटीभर ताकभात आणून दिला. अण्णांनी तो खाल्ला आणि डोळे मिटले. मी थक्क.

"पण ते जेवले होते!" मी म्हणालो.

"माहितीये. म्हणून जेवताना एक पोळी कमी वाढली होती. शिल्लक ठेवावी लागते."

"पण खरं काय ते त्यांना कळायला नको?"

"त्यांनी खरं काय ते विचारलं नव्हतं. जेवण विचारलं होतं."

मी वही-पेन घेऊन जिथे होतो तिथेच बसलो.

पोट भरलं हे पोटाइतकंच आठवणीलाही कळावं लागतं, असं 1998 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मेंदूला इजा झाल्यामुळे नवी आठवण साठवताच न येणारे दोन रुग्ण होते. त्यांना जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत पुन्हा जेवण दिलं तर ते पुन्हा जेवायचे, आणि तिसऱ्यांदा दिलं तरी सुरुवात करायचे. ज्यांची आठवण शाबूत होती त्यांनी दुसऱ्या जेवणाला नकार दिला. हे मी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "आपल्याकडे लग्नात सगळे तसेच जेवतात, त्यांना काय झालंय?" शिवाय एकादशी अन्‌ दुप्पट खाशी म्हणणाऱ्या प्रदेशात साबुदाण्याच्या खिचडीनंतर वरीचे तांदूळ आणि त्यानंतर रताळ्याच्या फोडी खाणाऱ्या लोकांची स्मरणशक्ती उत्तम असते. मागच्या एकादशीला कुणाकडे काय होतं हे त्यांना तपशीलवार आठवतं.

जेवताना टीव्ही बंद ठेवा, हाही एक सल्ला होता. आवाज कमी असले की अण्णांचं लक्ष ताटात राहतं. हे खरं निघालं. बाकीच्यांची मात्र वाट लागली. टीव्ही बंद झाल्यावर आम्हा चौघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काहीच नाही हे उघडकीला आलं. पहिले काही दिवस आम्ही आमटीबद्दल बोललो. आईची मालिका बुडायला लागली. तिच्या त्या मालिकेत नायिकेची स्मृती अपघातात गेली होती आणि दुसऱ्या अपघातात परत यायची होती. ती आली का, हे आईला आता मावशीला फोन करून विचारावं लागतं.

अण्णांना काम हवं म्हणून पानं मांडायचं काम त्यांच्याकडे दिलं. ते हातांच्या अंगवळणी पडलेलं आहे. तांब्या, भांडं, पाण्याचा थेंब न सांडता ते सगळं मांडतात. फक्त कधीकधी एक पान जास्त असतं. आम्ही काही बोलत नाही. थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच लक्षात येतं. मग ते घसा खाकरून म्हणतात, "एखादा पाहुणा आला तर असावं." आणि आमच्याकडे येणारे लोक असे वेळ साधून येतात की ते पान बहुतेक वेळा वाया जात नाही.

भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे अंदाजे 88 लाख माणसं, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आहे. म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला देशात किती घरांत "जेवण आहे की नाही" हा प्रश्न येत असेल, आणि किती मुलगे पुरावे काढत बसले असतील! त्यातले काही तुमच्या शेजारी राहत असतील, म्हणून पाहुणे, नातेवाईक आणि वरचा मजला यांना थोडी विनंती करून ठेवतो.

आमच्याकडे जरूर या. पण आल्याआल्या अण्णांच्या पुढे उभं राहून "सांगा बरं मी कोण?" असं विचारू नका. एका दूरच्या मेहुण्यांनी विचारलं होतं. अण्णा त्यांना म्हणाले, "तुम्हालाच माहीत नसेल तर मी काय सांगणार? काही ओळखपत्र आहे का?" मेहुणे अजून रागावलेले आहेत. आपलं नाव आपणच सांगावं. काही जात नाही. जेवायला बसलात तर मोबाइल खिशात ठेवा, कारण भाजी कसली होती हे तुम्हाला विचारलं जाईल. अण्णा उपाशी आहेत असं म्हणाले तर "अरेरे" म्हणा, पण डबा आणलात तर तो त्यांच्या हातात देऊ नका, स्वयंपाकघरात द्या. गोड नको. थालीपीठ चालेल, लोणी वेगळ्या वाटीत. आणि वांग्याची भाजी कृपा करून आणू नका.

आत्या, तू दीडला करतेस तो फोन चारला करत जा. तेव्हा ते चहा पीत असतात.